दाराआडचा दणदणाट

तुमच्या घरात सोळा ते पंचविशीतलं कुणी असेल, तर हा प्रसंग तुम्हांला नवा नाही. संध्याकाळची वेळ. कुकरची तिसरी शिट्टी व्हायची आहे, सासूबाई देवापाशी दिवा लावताहेत, आणि आतल्या खोलीच्या बंद दारामागून एकदम असा काही आवाज सुरू होतो की वाटावं, पत्र्याच्या छपरावर कुणी विटा ओततंय. वर एक माणूस गळा फाडून ओरडत असतो. तुम्ही हात पुसत जाता, दार वाजवता, "अरे, आवाज कमी कर!" म्हणता. आवाज कमी होतो. तुम्ही परत ओट्याशी येता.

आमच्याकडे हे जवळजवळ चार महिने चाललं होतं. मुलगा इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला. दोन विषय राहिले होते, एटीकेटी लागली होती. तो घरात फारसं बोलत नव्हता. जेवायला यायचा, ताट उचलायचा, पुन्हा आत. मी मनाशी म्हटलं, वय आहे, होईल ठीक. आणि त्या आवाजावर मात्र रोज चिडत राहिले. खरं तर चिडायला तेवढंच एक सोपं होतं.

मग एका रविवारी तो आंघोळीला गेलेला असताना त्याचा मोबाइल बाहेरच्या खोलीतल्या स्पीकरला आपोआप जोडला गेला. हे ब्लूटूथ प्रकरण तुम्हांलाही ठाऊक असेलच. नको तेव्हा जोडलं जातं आणि हवं तेव्हा रुसतं. गाणं सुरू झालं आणि सासूबाईंनी विचारलं, "बासरी कोण वाजवतंय गं?"

बासरीच होती. तिच्यामागून ढोल आला. मग त्या विटाही आल्या, तो ओरडणाराही आला. पण या वेळी मध्ये दार नव्हतं म्हणून शब्द कानावर पडले. हिंदी-पंजाबी शब्द होते, मधूनच इंग्रजी. आणि अर्थ? खचलेल्या माणसाला कुणीतरी सांगत होतं, जग रे बाबा, हार मानू नकोस. मी हातातली कोथिंबीर तशीच धरून उभी राहिले.

ते गाणं 'जी वीरे'. 'वीर' हा शब्द पंजाबीत भावासाठी वापरतात, आणि 'जी' म्हणजे जग. नैराश्याशी झगडणाऱ्या माणसासाठी केलेलं हे गाणं आहे. माझा मुलगा ते चार महिने दाराआड ऐकत होता, आणि मी त्याला रोज आवाज कमी करायला सांगत होते.

त्यानंतर मी जे काही वाचलं, ऐकलं, मुलाकडून समजून घेतलं ते तुम्हांला सांगावंसं वाटतं. आपल्या मासिकात लोणच्यांचे प्रकार आणि स्वेटरचे टाके येतात, त्यात हे कसलं बाई 'मेटल', असं तुम्ही म्हणाल. पण ते तुमच्याच घरात वाजतंय, म्हणून लिहिते.

हे गाणं ज्यांचं, त्या मंडळींचं नाव ब्लडीवूड. नाव वाचून दचकू नका; बॉलिवूडची थट्टा आहे ती. दिल्लीचे दोन तरुण, करण कटियार आणि जयंत भदुला, यांनी २०१६ च्या सुमाराला हा खेळ सुरू केला तो गंमत म्हणूनच. हिंदी सिनेमातली, पंजाबी लग्नातली गोड गोड गाणी घ्यायची, त्यांवर कडाडणारी गिटार चढवायची, आणि लोकांना हसवायचं. करण वकील. चांगली कंपनी कायद्यातली नोकरी होती, ती सोडून तो यात पडला. (त्याच्या आईला त्या दिवशी काय वाटलं असेल, हा विचार माझ्या मनात पहिल्यांदा आला. तुमच्याही आला असेल.) गिटार तोच वाजवतो, बासरीही तोच, आणि चाली बांधणं, ध्वनिमुद्रणाचं सगळं जुळवणंही त्याच्याकडेच. जयंत गातो आणि ओरडतो. पुढे राऊल केर हा तिसरा आला. इंग्रजीतलं ते भराभर बोलून म्हणायचं 'रॅप' त्याचं.

थट्टा करता करता त्यांना उमगलं की लोक नुसते हसत नाहीत, ऐकतही आहेत. मग स्वतःची गाणी आली. ऑगस्ट २०१९ मध्ये उत्तर जर्मनीतल्या वाकन या खेड्यात भरणाऱ्या मेटलच्या जत्रेत त्यांनी गायलं. जत्राच म्हणायची ती. एरवी शेतं असलेल्या त्या गावी दर उन्हाळ्यात हजारो लोक तंबू ठोकून चिखलात राहतात. आणि १८ फेब्रुवारी २०२२ ला त्यांचा स्वतःच्या गाण्यांचा पहिला अल्बम निघाला, 'रक्षक'. दहा गाणी, साधारण पाऊण तासाहून थोडी जास्त. पाठीशी कुठलीही मोठी कंपनी नाही; त्यांनी तो आपला आपणच काढला. अल्बमातली काही गाणी आधीच यूट्यूबवर ऐकली गेली होती, 'जी वीरे' त्यांतलंच एक.

आता हे 'मेटल' म्हणजे काय ते थोडक्यात. त्याची कूळकथा मला फार आवडली. इंग्लंडात बर्मिंगहॅम म्हणून कारखान्यांचं शहर आहे. तिथे टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात काम करायचा. १९६५ साली यंत्राखाली त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. गिटार संपली असं सगळ्यांनी सांगितलं. या गड्याने काय केलं? भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोप्या बनवल्या! आपण शिवताना अंगुस्तान घालतो ना, तशाच. पुढे तारा दाबायला सोप्या जाव्यात म्हणून त्याने त्या सैल केल्या, सूर खाली उतरवला, आणि त्यातून तो जड, खर्जातला, घरघरणारा आवाज जन्माला आला. १९७० साली त्यांच्या ब्लॅक सबाथ या चमूचा पहिला अल्बम निघाला आणि मेटलची सुरुवात बहुतेक जण तिथूनच मोजतात. एवढं ऐकल्यावर मला त्या आवाजाचा राग पूर्वीइतका येईना.

पुढे १९९१ च्या आसपास इंग्लंडातल्याच स्कायक्लॅड या मंडळींनी मेटलमध्ये व्हायोलिन घातलं, तेही लोकनृत्याच्या ढंगाने. तेव्हापासून 'फोक मेटल' हा वेगळा प्रकार झाला. मग ज्याने त्याने आपापल्या आजीच्या माळ्यावरची वाद्यं काढली. फिनलंडवाल्यांनी तिथली अॅकॉर्डियन, स्वित्झर्लंडच्या एल्युव्हेटीने हर्डी-गर्डी नावाचं हाताने फिरवायचं वाद्य, मंगोलियाच्या द हू यांनी घोड्याच्या तोंडाची सारंगी आणि घशातून दोन सूर काढायची त्यांची जुनी विद्या. दिल्लीच्या या पोरांनी काढला ढोल.

पंजाबी ढोल आपल्या ढोलासारखा दिसतो खरा, पण वाजवायची तऱ्हा वेगळी. एका हातात जाड, वाकलेली काठी, दुसऱ्या हातात बारीक लवचिक छडी. जाड काठीने घुमतं, छडीने तडतडतं. आपल्याकडे एका बाजूला टिपरू आणि दुसऱ्या बाजूला हाताची थाप. माझी भाची पुण्यात ढोलपथकात आहे. गणपतीच्या आधी दोन महिने तिच्या बोटांना चिकटपट्ट्या असतात. तिने 'रक्षक' ऐकून पहिलंच वाक्य काय म्हणावं? "मावशी, यांना टोल कळतो."

ढोल आणि मेटल एकमेकांत इतके मिसळतात याचं कारण मुलाने मला समजावलं. मेटलचा ड्रमवाला दोन्ही पायांखाली पेडल ठेवतो, आणि आपण पायाने शिलाईचं यंत्र चालवतो तसा दोन्ही पायांनी खालचा मोठा ड्रम सतत बडवतो. म्हणजे खाली एक अखंड धडधड असते. ढोलाची घुमही त्याच पट्टीतली. दोन्ही एकाच वेळी सुरू झाली की छातीत वाजतं, कानात नंतर पोचतं. मिरवणुकीच्या पुढे उभं राहिलेल्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

ओरडण्याबद्दलही सांगते, कारण माझी मुख्य तक्रार तीच होती. मला वाटायचं, या मुलाचा घसा चार दिवसांत बसेल. पण ती शिकून घ्यायची गोष्ट आहे. आपण बोलतो-गातो ते स्वरतंतूंनी; त्यांच्या वर आणखी दोन मांसल पापुद्रे असतात. सराव केलेला माणूस पोटातून श्वासाचा दाब देऊन ते पापुद्रे थरथरवतो आणि त्यातून तो गुरगुराट निघतो. न शिकता कुणी नक्कल करायला गेलं तर मात्र घसा खरोखरच दुखावतो, तेव्हा घरातल्या हौशी गवयाला एवढं अवश्य सांगा.

मी 'रक्षक' पहिल्यापासून शेवटपर्यंत तीनदा ऐकला. पहिल्यांदा डोकं धरलं होतं, हे प्रामाणिकपणे सांगते. दुसऱ्यांदा शब्द समोर घेऊन बसले. तिसऱ्यांदा पोळ्या लाटताना, आणि तेव्हा तो सगळ्यांत बरा वाटला! पहिलंच गाणं 'गद्दार', धर्माच्या नि द्वेषाच्या नावाने माणसांत फूट पाडणाऱ्या राजकारणावर. 'एंड्युरंट' आहे शाळा-कॉलेजात दुबळ्या मुलांना छळतात त्यावर. 'जंजीरों से', 'आज' यांची नावंच बोलकी आहेत. एका गाण्याच्या नावात चक्क एका हिंदी शिवीची आद्याक्षरं आहेत. ते लागलं तेव्हा मुलगा आणि मी, दोघंही खिडकीबाहेर बघत बसलो. हे गाळलं असतं तरी चाललं असतं, असं माझं स्पष्ट मत आहे. इंग्रजी रॅपही काही जागी भाषण झाल्यासारखं वाटतं. ढोल रंगात आलेला असताना मध्येच सभा कशाला?

पण पाचवं गाणं लागलं आणि मी लाटणं खाली ठेवलं. 'दनादन'. आपण दणादण म्हणतो तेच. बायकांवर होणाऱ्या लैंगिक अत्याचारांवर हे गाणं आहे, आणि ते विनवणी करत नाही, संतापतं. अत्याचार करणाऱ्याला ठोसे हाणायची भाषा करतं. दोन वर्षांनी, २०२४ मध्ये, देव पटेल यांच्या 'मंकी मॅन' या सिनेमातही ते वापरलं गेलं. ही मुलं ज्या दिल्लीची, तिथे डिसेंबर २०१२ मध्ये एका बसमध्ये काय घडलं ते आपण कुणीच विसरलेलो नाही. त्या थंडीत हजारो मुलंमुली रस्त्यावर उतरली होती, पुढच्या वर्षी कायदा बदलला. त्या दिल्लीत तरुण झालेल्या पुरुषांनी असं गाणं करावं, हे मला मोलाचं वाटतं. आजवर या विषयावर बोलायचं ते बायकांनीच, आणि तेही बायकांच्याच पानांवर. इथे पुरुष बोलताहेत, आणि समोर उड्या मारणारे बहुतेक पुरुषच आहेत.

तरीसुद्धा माझं पूर्ण समाधान झालं नाही, आणि ते मी मुलालाही सांगितलं. ठोसा हाणायचा तो कुणाला? राष्ट्रीय गुन्हे नोंदींचे अहवाल वर्षानुवर्षं हेच सांगतात की बहुतेक प्रकरणांत आरोपी ओळखीतलाच असतो. शेजारचा, नात्यातला, घरी येणारा-जाणारा. अंधाऱ्या गल्लीतल्या गुंडाला ठोसा मारणं गाण्यात सोपं आहे. जेवायला बसलेल्या काकाला मारता येत नाही. मुलगा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आई, गाणं म्हणजे सगळं उत्तर थोडंच असतं? पण माझ्या वर्गात मुलींबद्दल घाणेरडं बोलणाऱ्या एकाला आम्ही हे गाणं लावून गप्प केलं." हे मला ठाऊकच नव्हतं. वर्गात असं बोललं जातं हेही नाही, आणि माझ्या मुलाला ते खटकतं हेही नाही. चार महिने आम्ही 'जेवलास का' आणि 'हो' यापलीकडे गेलोच नव्हतो.

त्या दिवशी मग 'जी वीरे'चंही निघालं. मी सरळ विचारलं नाही. विचारलं असतं तर तो पुन्हा आत गेला असता. मी म्हटलं, "ते बासरीचं गाणं लाव." ते वाजत असताना तो हळूहळू बोलायला लागला. परीक्षेत कोरा राहिलेला पेपर, रात्र रात्र न लागणारी झोप, मित्रांचे पुढे गेलेले निकाल. "तुला सांगितलं असतं तर तू रडली असतीस," म्हणाला. खरं होतं ते, मी रडलेच.

या मंडळींनी 'जी वीरे' काढलं तेव्हा नुसतं गाणं सोडून दिलं नाही. ऐकणाऱ्यांपैकी काहींना समुपदेशकाशी बोलण्याची सोयही मोफत करून दिली होती. आपल्याला तशी सोय आज हाताशी आहे. सरकारची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, दिवसरात्र केव्हाही, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. मुलगा फोन करायला तयार नसेल तर तुम्ही करा. आईनेही बोललेलं चालतं. मी केला. पलीकडच्या बाईंनी मला पहिली गोष्ट सांगितली ती अशी, की त्याला उपदेश करू नका, त्याच्याजवळ बसा. नंतर आम्ही गावातल्याच एका डॉक्टरांकडेही गेलो. झोप, भूक, बोलणं हे तिन्ही दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडलेलं दिसलं तर थांबू नका. मी चार महिने थांबले.

आणि कानांचं काय? हा प्रश्न मी विसरलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं असं, की मोठ्या माणसाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला फार तर ४० तास ऐकावा, मुलांसाठी ७५ डेसिबल. डेसिबल मोजायला घरात यंत्र नसतं; पण बहुतेक मोबाइलमध्ये आवाजाची कमाल मर्यादा ठरवून ठेवता येते, ती मुलाकडूनच ठरवून घ्या. हेडफोन लावलेला असताना हातभर अंतरावरून तुम्ही साध्या आवाजात हाक मारलीत आणि त्याला ऐकू आली नाही, तर आवाज फार मोठा आहे हे पक्कं समजा. तासाभराने दहा मिनिटं कान मोकळे ठेवायचे. कानात शिट्टी वाजल्यासारखं दुसऱ्या दिवशीही राहिलं तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा. आमच्याकडे आता संध्याकाळी सात ते साडेसात हेडफोन नाही, स्पीकर, दार उघडं. त्या अर्ध्या तासात जे वाजेल ते घर ऐकतं.

तुम्हांला ऐकून बघायचं असेल तर पहिल्या गाण्यापासून सुरू करू नका, घाबराल. आधी 'जी वीरे', मग 'यादें' नव्हे हं, 'याद'. त्यानंतर 'माची भसड', ज्यात ढोल मनसोक्त आहे. 'दनादन' घरात मुलंमुली दोघंही असतील तेव्हा ऐका आणि नंतर टीव्ही लावू नका, बोला. पुढे २०२५ मध्ये यांचा दुसरा अल्बम आला, 'नू दिल्ली'. त्यात 'तडका' नावाचं गाणं आहे, चक्क खाण्यावर! एका परदेश दौऱ्याचं नाव तर यांनी 'नऊ इंची नान' असं ठेवलं होतं. एका जुन्या अमेरिकन बँडच्या नावावरची कोटी ती. पोटाची काळजी असलेली पोरं आहेत, हे पाहून मला उगाच बरं वाटलं.

आता 'याद'बद्दल. ते गेलेल्या जिवलगाच्या आठवणीचं, एका कुत्र्याच्या निमित्ताने सांगितलेलं गाणं. याच मंडळींनी दौऱ्यातून आलेल्या पैशांतून दिल्लीच्या आसपास भटक्या जनावरांची काळजी घेणाऱ्या एका संस्थेला रुग्णवाहिका दिली होती. आमचा मोती कोविडच्या दुसऱ्या वर्षी गेला. त्याचं जर्मनचं ताटलं अजून मागच्या मोरीत आहे, कुणी टाकत नाही. सासूबाईंना सगळ्या अल्बमात तेवढं एकच गाणं हवं असतं. सात वाजले की वातींचा कापूस घेऊन बाहेरच्या खोलीत येऊन बसतात आणि नातवाला म्हणतात, "ते मोतीचं लाव रे."

परवा मध्येच जयंतचा तो गुरगुराट सुरू झाला, तशी मी सवयीने स्पीकरकडे हात नेला. सासूबाईंनी वात वळता वळता मान वर न करता म्हटलं, "राहू दे गं. ओरडतोय, ओरडू दे त्याला."